मोडशी, हैजा, कॉलरा : नावांचा गुंता सोडवणारा गार्सिया द ऑर्ता

नालासोपारा हे नाव नाळे आणि सोपारे या दोन गावांच्या नावांतून झाले. त्यांतल्या सोपाऱ्याला संस्कृत ग्रंथांत शूर्पारक म्हटले आहे, पाली ग्रंथांत सुप्पारक, टॉलेमीच्या भूगोलात सूपारा आणि अरबांच्या लेखनात सुबारा. बंदर एकच, पण हे ज्याला ठाऊक नाही तो जुन्या नकाशांवर चार बंदरे शोधत बसेल. गावांच्या बाबतीत असा घोटाळा झाला तर फार तर इतिहास चुकतो. औषधांच्या आणि आजारांच्या नावांत झाला तर माणूस दगावतो.

आज या गुंत्यावर काम करणारी एक वेगळी विद्याशाखा आहे. तिला बायोमेडिकल ऑन्टॉलॉजी म्हणतात. एखाद्या आजाराला, औषधाला किंवा अवयवाला जगभर जितकी नावे आहेत ती एका खुणेखाली आणायची, कोणती गोष्ट कशाचा प्रकार आहे हे ठरवायचे आणि प्रत्येक नोंद कुठून आली ते लिहून ठेवायचे, असे हे काम. त्यासाठी लागणाऱ्या छाननीला आणि निगराणीला डेटा क्युरेशन म्हणतात. संगणक नवा असला तरी काम जुने आहे, आणि आपल्या किनाऱ्यावर ते साडेचारशे वर्षांपूर्वी एका पोर्तुगीज डॉक्टरने एकट्याने करून पाहिले होते.

गार्सिया द ऑर्ता याचा जन्म 1501 च्या सुमारास पोर्तुगालमधल्या कास्तेलो द व्हिदे या सरहद्दीवरच्या गावी झाला. आईवडील मूळचे स्पेनमधले ज्यू. 1492 मध्ये स्पेनने ज्यूंना हाकलले तेव्हा ती मंडळी पोर्तुगालमध्ये आली, आणि पाचच वर्षांत तिथेही सक्तीने बाप्तिस्मा घ्यावा लागला. अशा घराण्यांना नवे ख्रिस्ती म्हणत, आणि त्या नावामागे कायम संशय असे. गार्सिया सालामांका आणि अल्काला इथे शिकला, लिस्बनच्या विद्यापीठात शिकवू लागला. नोकरी मानाची होती, पण इन्क्विझिशन पोर्तुगालमध्येही येणार अशी चिन्हे दिसत होती. 1534 च्या मार्चमध्ये तो मार्तिम अफोन्सो द सोझा याच्या आरमाराबरोबर त्याचा वैद्य म्हणून निघाला आणि सप्टेंबरमध्ये गोव्याला उतरला. त्याच वर्षाच्या अखेरीस गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, आणि सोपाऱ्याचा मुलूखही त्यांच्या अमलाखाली आला.

पुढची चौतीस वर्षे तो परत गेला नाही. गोव्यात दवाखाना, जडजवाहिराचा आणि औषधी मालाचा व्यापार, घरामागे औषधी झाडांची बाग. वसईच्या अखत्यारीतले मुंबई बेट त्याला भाडेपट्ट्याने मिळाले होते. तिथल्या आंब्याचे त्याला मोठे कौतुक होते. एक झाड वर्षातून दोनदा फळते, असे त्याने आवर्जून लिहून ठेवले आहे.

त्याचे खरे शिक्षण मात्र अहमदनगरच्या दरबारात झाले. बुऱ्हाण निजामशहाला औषध द्यायला तो जाई. दरबारात अरबी आणि फारसी वैद्यक जाणणारे हकीम होते. निजामशहा त्याला रोगांची आणि औषधांची अरबी नावे सांगे, आणि हा त्याला लॅटिन नावे शिकवी. राजा आणि वैद्य समोरासमोर बसून शब्दांच्या जोड्या लावताहेत, हे चित्र आजच्या कुठल्याही संज्ञाकोशाच्या बैठकीपेक्षा फारसे वेगळे नाही. राजाने त्याला तिथेच राहायचा आग्रहही केला होता. तो राहिला नाही.

या साऱ्या नोंदींचे पुस्तक 10 एप्रिल 1563 रोजी गोव्यात छापून निघाले. गोव्यात छापखाना येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. छपाईच्या चुका इतक्या, की नुसते शुद्धिपत्रच कित्येक पानांचे झाले. पुस्तक संवादरूपात आहे. नुकताच युरोपातून आलेला, पुस्तकी पांडित्याचा डॉक्टर रुआनो प्रश्न विचारतो आणि ऑर्ता उत्तरे देतो. अंतोनिया नावाची दासी मधूनमधून पाने, फळे, मुळ्या आणून दाखवते. अर्थात रुआनो काल्पनिक आहे. गॅलेनसारख्या प्राचीन आचार्यांना खोडून काढण्याचे धाडस युरोपात आपल्याला झाले नसते, असे ऑर्ताने मोकळेपणाने मान्य केले आहे.

प्रत्येक औषधाशी त्याने आधी नावे लिहिली. हळदीला इथले लोक काय म्हणतात, मलबारात काय, अरब काय म्हणतात. मग झाड कसे असते, माल कुठून येतो, कोणत्या बंदरातून जातो. स्वतः पाहिलेले कोणते आणि व्यापाऱ्याकडून ऐकलेले कोणते, हेही तो बहुतेक ठिकाणी सांगतो. चिंचेला अरबांनी तमर-ए-हिंद, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर म्हटले, आणि तेवढ्यावरून युरोपात ती खजुरीच्या जातीच्या झाडाला लागते असा समज झाला होता. तो त्याने मोडून काढला. कोष्ठ या सुगंधी मुळाची गोष्ट अधिक बोलकी आहे. युरोपातले औषधविक्रेते अरबी, हिंदी आणि सीरियन असे तीन कोष्ठ मानत. ऑर्ताने सांगितले की कोष्ठ एकच, गुजरातेत त्यालाच उपलोट म्हणतात (आपल्याकडच्या काष्ठौषधीवाल्यांचे उपलेट), आणि ज्या बंदरातून माल आला त्या बंदराचे नाव त्याला चिकटले. तीन नोंदी होत्या, वस्तू एक होती.

हाच नियम त्याने दालचिनीला लावला आणि तिथे फसला. दालचिनी आणि कॅसिया हे एकाच झाडाचे चांगल्या आणि हलक्या प्रतीचे दोन माल आहेत असे त्याला वाटले. प्रत्यक्षात ती एकाच कुळातली, पण दोन वेगळी झाडे आहेत. वेगळे ते एक समजणे आणि एक ते वेगळे समजणे, या दोन्ही चुका आजही अशा कामात रोज होतात. इथल्या वैद्यांना शरीररचना येत नाही असेही त्याने ठोकून दिले आहे, आणि हगवणीवर त्यांचीच औषधे वापरल्याचेही सांगितले आहे.

पुस्तकातला सर्वांत महत्त्वाचा भाग कॉलऱ्याचा. बोलणे चालू असतानाच रोग्याच्या घरून बोलावणे येते आणि विषय कोष्ठावरून तिकडे वळतो. नाडी बुडते, गार घाम सुटतो, तहान भागत नाही, डोळे खोल जातात, पायांत गोळे येतात आणि बहुधा चोवीस तासांत सारे आटोपते. जून-जुलैत जोर जास्त. आशियातल्या या आजाराचे इतके नेमके वर्णन युरोपीय वैद्यकात त्याआधी क्वचितच आले होते. त्याने नावेही दिली : ग्रीक-लॅटिन ग्रंथांतले कॉलेरा, अरबांचा हैजा, आणि इथल्या लोकांचे मोर्शी, म्हणजे आपली मोडशी. पोर्तुगीजांनी तिचे मोर्देशी केले, फ्रेंचांनी पुढे त्यावरून कुत्र्याचे मरण असा अर्थ देणारा शब्द बनवला. युरोपातल्यापेक्षा इथला आजार फार जहाल आहे हे ऑर्ताने तिथेच नमूद केले. एकोणिसाव्या शतकात दोन्ही आजार एकच की वेगळे यावर डॉक्टरांची भांडणे झाली, तेव्हा हीच बाब कळीची ठरली. इथले लोक रोग्याला मिरी-जिरे घातलेली तांदळाची पेज पाजतात, हेही त्याने लिहिले आहे. जलसंजीवनीत साखरेऐवजी तांदळाचे पीठ वापरण्याचे प्रयोग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाले.

1560 मध्ये इन्क्विझिशन गोव्यातही आले. ज्याच्यापासून दूर जायला तो निघाला होता ते त्याच्या दारात येऊन थांबले. पुस्तक मात्र अधिकाऱ्यांच्या परवानगीने निघाले, आणि 1568 मध्ये तो अंथरुणावरच वारला. लगोलग बहीण कातारीना पकडली गेली. गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून 1569 मध्ये तिला जिवंत जाळले. भाऊही तसाच होता, असे जबाबांतून पुढे आले. 1580 मध्ये त्याची हाडे उकरून काढून जाळण्यात आली.

तोवर पुस्तक हाताबाहेर गेले होते. क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने संवाद काढून टाकले, मजकूर नव्याने लावला आणि 1567 मध्ये अँटवर्पला लॅटिन संक्षेप छापला. युरोपने ऑर्ताला वाचले ते मुख्यतः या संक्षेपातून. रुआनो आणि अंतोनिया त्यातून गळाले, उरले ते मुख्यतः नावे आणि गुणधर्म. मूळ पुस्तकाची इंग्रजी आवृत्ती निघायला 1913 उजाडावे लागले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या रोगवर्गीकरणात कॉलऱ्याचा संकेतांक 1ए00 आहे. हैजा म्हणा की पटकी, नोंद तिथेच होते. मोडशी मात्र तिथे बसत नाही. वसई-विरारच्या गावांतली आजी आज मोडशी झाली म्हणते तेव्हा तिला बहुधा अपचन, पोट बिघडणे एवढेच सांगायचे असते. केसपेपर लिहिणाऱ्याला तिला विचारावेच लागते की जुलाब किती वेळा झाले, पाण्यासारखे आहेत का, लघवी शेवटची कधी झाली.