११४ बळी घेऊनही बाळू पालवणकर कर्णधार का झाले नाहीत?

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सरावासाठी अमेरिकेत राहिला. परदेशी मैदानांची ही वाट मराठी खेळाडूंनी शंभर वर्षांपूर्वीच धरली होती. त्यातलं मोठं नाव बाळू पालवणकर.

जन्म १८७६ चा, धारवाडचा. कुटुंब चर्मकार. पुण्यात ते इंग्रजांच्या जिमखान्यात महिना चार रुपयांवर मैदानाची देखभाल करत आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकत. पुढे हिंदूंच्या क्लबने त्यांना संघात घेतलं. त्यांच्या हातातला चेंडू सगळ्यांना चालायचा. चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या कपात.

१९११ मध्ये पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. पस्तिशीतले बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम त्यात होते. देश नवा, खेळपट्ट्या नव्या, सामने एकामागून एक. कर्णधार, पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, मोजकेच सामने खेळले. संघ २३ पैकी १५ सामने हरला, पण बाळूंच्या डावखुऱ्या फिरकीने ११४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध तर एकाच डावात ८. हरणाऱ्या संघाकडून अशी कामगिरी आजही सोपी नाही.

मुंबईत परतल्यावर सत्कार झाला. हिंदू संघाचं कर्णधारपद मात्र मिळालं नाही. अडचण जातीची होती, खेळाची नव्हे. चौरंगी स्पर्धेत धाकटे भाऊ विठ्ठल १९२३ मध्ये कर्णधार झाले, तोवर बाळू निवृत्त झाले होते.