काचेच्या टाकीतला समुद्र

मुलांनो, नवी मुंबईत राहणाऱ्यांना खाडी नवी नाही. वाशीचा पूल ओलांडताना लोकलच्या खिडकीतून ती रोज दिसते. पण खाडीचे पाणी गढूळ असते. त्या पाण्याखाली काय चालले आहे, हे वरून कळत नाही. ते पाहायचे असेल तर एक तर पाण्यात उतरावे लागते, नाहीतर समुद्राचे पाणी आणि त्यातले प्राणी काचेत भरून डोळ्यांसमोर आणावे लागतात. हा दुसरा मार्ग शोधून काढणारी बाई म्हणजे झान व्हिलप्रो-पॉवर. ती प्राध्यापक नव्हती की डॉक्टर नव्हती. ती शिवणकाम करणारी बाई होती.

झानचा जन्म सप्टेंबर 1794 मध्ये फ्रान्समधील झुईयाक या लहानशा गावी झाला. वडील चांभारकाम करीत. आई कपडे शिवी. झान ही सर्वांत मोठी मुलगी. लहानपणीच आई वारली. गावात राहून लिहिणे-वाचणे आणि सुई-दोरा एवढेच तिच्या हाती आले.

अठराव्या वर्षी तिने पॅरिसला जायचे ठरवले. झुईयाक ते पॅरिस हे अंतर चारशे किलोमीटरहून अधिक आहे. हे अंतर ती पायी चालली. वाटेत तिला फार त्रास झाला. पोहोचायला उशीर झाला आणि ठरलेली नोकरी दुसरीलाच मिळाली. परक्या शहरात, ओळखपाळख नसताना, तिने दुसऱ्या एका शिवणाऱ्या बाईकडे काम मिळवले. चारच वर्षांत तिचा हात इतका बसला, की 1816 मध्ये एका राजकन्येच्या लग्नाचा पोशाख तिने तयार केला. त्या पोशाखाने तिचे नाव झाले. त्याच काळात जेम्स पॉवर या इंग्रज व्यापाऱ्याशी तिची ओळख झाली. 1818 मध्ये सिसिली बेटावरील मेसिना या शहरात त्यांचे लग्न झाले. उर्दू पुस्तकांत ज्याला सिकिलिया म्हणतात, तेच हे बेट.

आता झान व्यापाऱ्याची पत्नी होती. नोकरीची गरज उरली नव्हती. दुसरी कोणी असती तर आरामात बसली असती. झानने पुस्तके जमवली आणि निसर्गाचा अभ्यास सुरू केला. तिला शिकवायला कोणी नव्हते. बेटभर ती पायी हिंडली. वनस्पती, फुलपाखरे, शंख-शिंपले, जीवाश्म गोळा केले, त्यांची नोंद ठेवली, चित्रे काढली. पुढे तिने सिसिलीची माहिती देणारे एक पुस्तकही लिहिले. पण तिचे मन खरे गुंतले ते समुद्रात.

मेसिनाच्या समुद्रात अर्गोनॉट नावाचा प्राणी सापडतो. तो ऑक्टोपसचा भाऊबंद. त्यालाही आठ बाहू असतात. फरक असा, की अर्गोनॉटची मादी एका सुंदर पांढऱ्या शंखात राहते. हा शंख कागदासारखा पातळ असतो. या प्राण्याविषयी दोन हजार वर्षे वाद चालला होता. प्राचीन ग्रीक लोकांना वाटे, की त्याचे दोन रुंद बाहू म्हणजे शिडे आहेत आणि तो शंखाची होडी करून वाऱ्यावर फिरतो. आणखी एक प्रश्न होता. हा शंख त्याचा स्वतःचा, की दुसऱ्याचा पळवलेला? आपल्या किनाऱ्यावर काही खेकडे रिकाम्या शंखात घुसून राहतात, हे तुम्ही पाहिले असेल. अर्गोनॉटही तसाच चोर असावा, असे बरेच विद्वान मानीत.

हे विद्वान मेलेले प्राणी तपासत होते. दारूच्या बाटलीत ठेवलेला अर्गोनॉट शंख कसा करतो, हे कसा सांगणार? झानला वाटले, जिवंत प्राणीच पाहिला पाहिजे, एकदा नव्हे, रोज. पण तो खुल्या समुद्रात राहणारा. माणसाची चाहूल लागली की पळणारा.

मग तिने काचेची टाकी बनवून घेतली. समुद्राचे पाणी भरून त्यात प्राणी ठेवले आणि घरातच त्यांचे निरीक्षण सुरू केले. हे वर्ष 1832 चे. एवढ्यावर ती थांबली नाही. तिने आणखी दोन तऱ्हा काढल्या. एक टाकी पिंजऱ्यात बसवून उथळ पाण्यात बुडवायची, प्राणी पाहायचा झाला की वर काढायची. दुसरा होता मोठा पिंजरा. तो नांगर टाकून समुद्रातच ठेवायचा, म्हणजे प्राणी आपल्याच पाण्यात राहील आणि निसटणारही नाही.

समुद्र घरात आणणे ऐकायला सोपे वाटते. मी हे अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी मी घरी साठ लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी ठेवली. खाडीचे पाणी तर उपयोगाचे नाही. ते गढूळ असते आणि पावसाळ्यात त्याचा खारटपणा उतरतो. म्हणून शुद्ध केलेल्या पाण्यात बाजारात मिळणारे समुद्री क्षार मिसळले, एका लिटरला सुमारे 35 ग्रॅम. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसत होते. मला घाई झाली. दुसऱ्याच दिवशी तीन मासे सोडले. आठवड्याच्या आत तिन्ही मेले. घरातली मुले दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाहीत.

चूक नंतर कळली. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विष आहे. समुद्रात पाणी अफाट, त्यामुळे हे विष साठत नाही. टाकीत मात्र ते लगेच वाढते. काही सूक्ष्म जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट तितके घातक नसते. हे जिवाणू टाकीतल्या दगडांवर आणि वाळूत वस्ती करतात, पण वस्ती जमायला महिना-दीड महिना लागतो. तोपर्यंत टाकी नुसती चालू ठेवायची. पंप पाणी फिरवत राहतो, तापमान 25 अंशांच्या आसपास राहील असे पाहायचे, उडालेल्या पाण्याच्या जागी गोडे पाणी घालायचे. मीठ उडत नाही, पाणीच उडते. झानच्या काळी जिवाणूंची ही गोष्ट कोणालाच ठाऊक नव्हती. विजेचा पंपही नव्हता. तरी तिने प्राणी जगवले, याचे मला तेव्हापासून फार नवल वाटते.

टाकीत तिला काय दिसले? अर्गोनॉटची मादी आपली अंडी शंखात जपून ठेवते. अंड्यातून बाहेर पडणाऱ्या पिल्लांना शंख नसतो. पुढे वाढताना मादी पिल्ले आपला शंख आपणच तयार करतात. झानने शंखाचा तुकडा तोडून पाहिला. प्राण्याने ती जागा पुन्हा भरून काढली. आणि ज्यांना लोक शिडे समजत होते, ते दोन रुंद बाहू शंखावर पसरून त्यांतून स्रवणाऱ्या पदार्थाने तो शंख घडवत होते. चोरीचा आरोप खोटा ठरला.

सिसिलीतील कातानिया शहराच्या विज्ञानसंस्थेने तिला सदस्य करून घेतले. त्या संस्थेची ती पहिली स्त्री सदस्य. तरी दूरच्या विद्वानांना पटेना. शाळा-कॉलेजात न शिकलेली एक बाई, आणि ती मोठमोठ्यांना चूक म्हणते! झानने वाद घालत बसण्याऐवजी पुरावा पाठवला. लंडनचे प्रसिद्ध प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांना तिने अर्गोनॉटचे नमुने पाठवले. त्यांनी 1839 मध्ये ते लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे मांडले आणि तिची बाजू घेतली. पुढे युरोपातील डझनाहून अधिक संस्थांनी तिला सदस्यत्व दिले.

ऑक्टोपसविषयीही तिने एक मजेदार गोष्ट नोंदवली आहे. मोठा शिंपला तोंड उघडून बसला होता. ऑक्टोपस एक दगड घेऊन टपून होता. संधी मिळताच त्याने दगड शिंपल्याच्या फटीत घातला, म्हणजे शिंपल्याला मिटता येऊ नये, आणि मग आतले मांस खाल्ले. नद्यांत मासे कमी झाले तर पिंजऱ्यात मासे वाढवून नदीत सोडावेत, असेही तिने सुचवले होते. आज पिंजऱ्यात मासे वाढवण्याचा धंदा सगळीकडे चालतो.

पण एका आघातातून ती सावरली नाही. तिने जमवलेले नमुने, कागद आणि चित्रे एका जहाजाने पाठवली होती. ते जहाज बुडाले. कित्येक वर्षांची मेहनत समुद्राने परत घेतली. 1843 च्या सुमारास पॉवर पतीपत्नीने सिसिली सोडली. पुढे ती दोघे कधी लंडनला, कधी पॅरिसला राहिली. झानने लेख लिहिले, पण पूर्वीसारखे प्रयोग पुन्हा झाले नाहीत.

तिची कल्पना मात्र पुढे गेली. 1846 मध्ये ॲना थिन या बाईंनी जिवंत प्रवाळ लंडनला आणले. प्रवाळ म्हणजे उर्दूतले मरजान. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत बसे. आपला आजचा पंप तेच काम करतो. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले. मुंबईत 1951 मध्ये मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. तुमच्या आईवडिलांनी ते लहानपणी पाहिले असेल, विचारून पाहा. प्रवाळ आपल्या महाराष्ट्रातही आहेत, मालवणच्या समुद्रात, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ. पण ते तोडून घरी आणता येत नाहीत. 2001 पासून प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. माझ्या टाकीत म्हणूनच साधे सुके दगड आहेत.

1870 मध्ये प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला. शहरात अन्नाची टंचाई झाली. झान तेव्हा शहात्तर वर्षांची होती. पॅरिस सोडून ती झुईयाकला परतली. ज्या गावातून ती एकदा पायी निघाली होती, त्याच गावात जानेवारी 1871 मध्ये तिचा मृत्यू झाला. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे तिचे नाव फार थोड्यांना माहीत होते. 1997 मध्ये शुक्र ग्रहावरील एका विवराला व्हिलप्रो-पॉवर हे नाव देण्यात आले.