पोथी शुद्ध करणारे नाथमहाराज

नाथषष्ठी जवळ आली की आम्हा कीर्तनकारांना नाथमहाराजांचे चरित्र आठवते, आणि आठवते ते ठराविकच. काशीची कावड तहानेल्या गाढवाच्या मुखी रिकामी केली ती कथा, श्रीखंड्याने पाणी भरले ती कथा, पितरांचे अन्न अंत्यजांना वाढले ती कथा. या कथा गोड आहेत, आम्ही चाळीस वर्षे सांगत आलो आणि पुढेही सांगू. पण श्रोतेहो, ज्या कामाकरिता आपण नाथांचे जन्माचे ऋणी आहोत ते काम या कथांच्या गर्दीत मागे पडते. वारकऱ्यांची प्रस्थानत्रयी म्हणजे ज्ञानेश्वरी, नाथभागवत आणि तुकोबांची गाथा. यांतले एक नाथांनी शुद्ध करून दिले आणि दुसरे स्वतः रचले. हे चरित्र पोथीच्या बाजूने सांगावे असे आज मनात आहे.

नाथ पैठणचे. विजयनगराहून पांडुरंगाची मूर्ती परत आणली म्हणून आपण ज्यांचे नाव घेतो त्या भानुदासांचे हे पणतू. वडील सूर्यनारायण आणि आई रुक्मिणी ही दोघेही लहानपणीच गेली, आजोबा चक्रपाणींनी वाढविले. पुढे मुलगा घरात न सांगता देवगिरीला जनार्दनस्वामींच्या पायाशी जाऊन राहिला. जनार्दनस्वामी निजामशाहीत त्या किल्ल्याचे अधिकारी. वर दरबारी कारभार आणि आत दत्तभक्ती, असा तो संसार. गुरूंनी शिष्याला एकदम ब्रह्मज्ञान सांगितले नाही बरं! हिशेबाच्या वह्या दिल्या. एके रात्री एका पैची चूक सापडेना म्हणून नाथ दिव्याशी बसून राहिले आणि सापडली तेव्हा टाळी वाजवून हसले, ही गोष्ट पोरासोरांनाही ठाऊक आहे. एवढ्याशा चुकीचा इतका आनंद, मग संसाराची चूक सापडली तर केवढा, असा तिचा अर्थ आपण लावतो. तो खराच. पण आम्हाला वाटते, या गोष्टीला दुसराही एक अर्थ आहे. पैची चूक न सोडणारी ही नजर पुढे ज्ञानेश्वरीच्या कामी आली.

गुरूंच्या आज्ञेने त्यांनी प्रथम चतुःश्लोकी भागवतावर टीका केली. मूळ श्लोक चार, ओव्या हजाराच्या वर. पैठणला परतून संसार मांडला. गिरिजाबाईंसारखी सहधर्मचारिणी लाभली. रोज पुराण, रोज कीर्तन, पंक्तीला येईल तो पाहुणा. आणि त्यातच भागवताच्या एकादश स्कंधावर मराठी टीका लिहायला बसले.

एकादश स्कंध म्हणजे काय हे थोडे सांगितले पाहिजे, कारण आमच्या मंडळींपैकी पुष्कळांनी तो कपाटात पाहिलाय, उघडलेला नाही. यादवांचा अंत जवळ आलेला, देव निजधामाला निघालेला, आणि उद्धव म्हणतो मला टाकून जाऊ नका. तेव्हा देवाने जे सांगितले ते या ग्रंथाचे पोट. त्याच्या आधी निमिराजा आणि नऊ योगेश्वरांचा संवाद येतो. मग अवधूताचे चोवीस गुरू. पृथ्वी, वायू, अजगर, मधमाशी, पिंगला वेश्या, ज्याच्यापाशी जे शिकण्यासारखे ते शिकून हा मोकळा झालेला. पुढे तेविसाव्या अध्यायात अवंतीचा एक कृपण येतो. त्याचे धन गेले, लोकांनी छळले, आणि मग त्याला उमगते की माझ्या दुःखाला ना लोक कारण, ना ग्रह, ना देव, माझे मनच कारण. वेदान्ताचा एवढा कठीण भाग इतक्या सोप्या वाटेने दुसरीकडे क्वचितच सापडेल. मूळ श्लोक तेराशेंच्या वर, नाथांच्या ओव्या अठरा हजारांवर. आधार श्रीधरस्वामींच्या संस्कृत टीकेचा. आम्ही पाठशाळेत श्रीधरी शिकलो तेव्हा प्राकृत पोथीकडे जरा नाक वर करूनच पाहत असू. पुढे नाथभागवत हाती आले, आणि श्रीधरीत ज्या ओळीवर आम्ही आठ दिवस अडलो होतो ती नाथांनी घरातला दृष्टांत देऊन चार ओव्यांत उलगडलेली पाहिली. ते नाक खाली आले!

पण तेव्हाही नाक वर करणारे होतेच. पहिले पाच अध्याय पैठणला झाले. ते काशीला पोचले आणि तिथल्या पंडितांत खळबळ उडाली: भागवत आणि प्राकृतात? नाथांना बोलावणे आले. एका थोर संन्याशाने त्यांचे तोंडही पाहायचे नाही म्हणून मध्ये पडदा धरून वाचन ऐकले, आणि ऐकता ऐकता पडदा दूर केला, असे चरित्रकार सांगतात. पोथी गंगेत टाकली आणि गंगेने ती वर उचलून धरली अशीही कथा आहे. आम्हाला पडद्याचीच जास्त आवडते, कारण त्यात पंडिताचे मन पालटले आहे. उरलेले अध्याय नाथांनी काशीतच लिहिले आणि शके १४९५ (इ. स. १५७३) च्या कार्तिकी पौर्णिमेस ग्रंथ पुरा केला. पुढे भंडाऱ्याच्या डोंगरावर तुकोबांनी पारायणे केली ती ज्ञानेश्वरीची आणि याच ग्रंथाची, असे महीपतीबुवा सांगतात.

हा वाद नाथांच्या घरातही शिरला. मुलगा हरिपंडित संस्कृताचा मोठा पंडित. वडिलांनी प्राकृत पुराण सांगावे, कुणाच्याही घरी जेवावे, हे त्याला रुचेना. रुसून काशीला गेला. नाथ स्वतः जाऊन त्याला घेऊन आले, ते त्याच्या अटी मान्य करून! पुराण हरिपंडितांनी संस्कृतात सांगायचे, नाथांनी गप्प ऐकायचे. म्हणे श्रोते रोज कमी होऊ लागले, आणि शेवटी मुलानेच वडिलांना पुन्हा व्यासपीठावर बसविले. मुलाकरिता नाथांनी आपली वाणी आवरून धरली, हे आम्हाला कुठल्याही चमत्कारापेक्षा अवघड वाटते.

आता ज्ञानेश्वरीचे काम. माउलींनी नेवाशास ग्रंथ सांगितला शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये. नाथांच्या काळापर्यंत त्याला जवळजवळ तीनशे वर्षे झाली होती. छापखाना नव्हता. लहिये नकला करीत, नकलेवरून नकला होत. जुना शब्द कळला नाही की लहिया आपल्या ओळखीचा शब्द बसवी. कुणाला स्फूर्ती आली की एखादी ओवी घरची. अशाने गावागावाची ज्ञानेश्वरी निराळी झाली. नाथांना घशाचे दुखणे झाले, स्वप्नात माउलींनी सांगितले की अजानवृक्षाची मुळी कंठाला लागली आहे, आळंदीला येऊन काढ. ही हकीकत नाथांनी स्वतः अभंगात सांगितली आहे. ते आळंदीला गेले, समाधीचा शोध घेतला, आणि मग ग्रंथाच्या शुद्धीला बसले. प्रती ताडून पाहायच्या, पाठ निवडायचा, उपरी ओवी काढायची. शके १५०६ (इ. स. १५८४), तारण संवत्सर, भाद्रपद वद्य षष्ठीस काम पुरे झाले. आपण ज्ञानेश्वरी जयंती करतो ती याच तिथीला.

नाथ स्वतः केवढे कवी! मनात आणते तर एखादी ओवी सजविणे त्यांना कठीण नव्हते आणि ओळखणारेही कुणी नव्हते. त्यांनी तसे केले नाही. उलट शेवटी लिहून ठेवले की ग्रंथ मुळात शुद्धच होता, पाठभेदांनी बिघडला तेवढा निवडला. पुढे यात जो आपली ओवी घालील त्याला दिलेला करवंटीचा दृष्टांत सर्वांना ठाऊक आहेच.

तो दृष्टांत आम्हाला झोंबतो, त्याला कारण आहे. पंचविशीत असताना एका गावी कीर्तनात आम्ही माउलींची म्हणून एक ओवी ठासून सांगितली. लोक डोलले. कीर्तन संपल्यावर एक म्हातारे टाळकरी पाया पडले आणि हळूच म्हणाले, बुवा, ही कितव्या अध्यायातली? आम्ही म्हटले, पाहून सांगतो. दोन रात्री पोथी चाळली. ती कुठेच नव्हती. कुणातरी बुवांच्या तोंडून ऐकलेली आम्ही तशीच पुढे लोटली होती. त्या बाबांना सांगायला परत जाणे काही झाले नाही. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा ते उरले नव्हते.

नाथांचा शेवटचा ग्रंथ भावार्थरामायण. युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत तो आला, आणि फाल्गुन वद्य षष्ठी शके १५२१ रोजी नाथांनी गोदावरीत देह ठेवला. उरलेले रामायण गावबाने पुरे केले. पुरणपोळीकरिता वाड्यावर येऊन राहिलेला, मतिमंद समजला गेलेला मुलगा तो. शेवटपर्यंत त्याने मुद्रा घातली ती एका जनार्दनाचीच. नाथांची लेखणी कुठे थांबली आणि गावबाची कुठे लागली, हे पैठणकरांनी लपविले नाही. पारायणाला बसाल तेव्हा त्या अध्यायाशी क्षणभर थांबून पाहा.