न्यायमूर्ती रानडे आणि परीक्षकाचा न्याय

कळंब येथे ज्ञातिबांधवांच्या गुणवंत पाल्यांचा सत्कार करताना गुणपत्रिका पाहिली जाते. म्हणून न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या विद्यार्थिदशेतील एक हकीकत येथे देण्याचे आम्ही योजिले आहे.

निफाड येथे 18 जानेवारी 1842 रोजी जन्मलेले माधवराव कोल्हापुरात शिकून मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत आले. 1859 साली मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेत जे अवघे 21 विद्यार्थी उत्तीर्ण झाले, त्यांत ते होते. पुढे एका निबंधात त्यांनी इंग्रजी राज्याहून मराठ्यांचे राज्य उजवे ठरविले. ग्रँटसाहेब रागावले व सहा महिने त्यांची शिष्यवृत्ती बंद झाली. ग्रँट विद्वान खरे, शिष्यांवर लोभही करीत; तथापि जन्मभर उत्तरपत्रिका तपासलेल्या आम्हांस वाटते की, तेथे भाषा व युक्तिवाद बाजूस राहून मताचीच परीक्षा झाली. माधवरावांनी गुरूविषयी अढी धरिली नाही, आणि मराठ्यांच्या इतिहासाचा ध्यासही सोडिला नाही. 1900 साली त्यांचा मराठी सत्तेच्या उदयावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला.

1868 ते 1871 या काळात एल्फिन्स्टन कॉलेजात ते स्वतः इंग्रजी शिकवीत. अखेरच्या दशकात पदवीधरांच्या अकाली मृत्यूंचे आकडे तपासून त्यांनी परीक्षांच्या ओझ्याकडे लक्ष वेधिले. विद्यापीठाच्या परीक्षांत मराठीस स्थान मिळावे, ही त्यांची खटपट 16 जानेवारी 1901 रोजी देह ठेवीपर्यंत चालू होती.