दुखऱ्या पावलांचा कारखानदार : डॉ. विल्यम शॉल

पाय दुखतात म्हणून डॉक्टरांकडे जाण्याची रीत सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतही फारशी रूढ नव्हती. ताप आला, हात मोडला, दात ठणकू लागला की माणसे औषधोपचार शोधत. टाच दुखणे, तळव्याला कुरूप होणे, अंगठ्याच्या मुळाशी हाड वर येणे ही मात्र चालत्याफिरत्या माणसाच्या नशिबी आलेली कटकट मानली जाई. कुरूप झाले तर ते कापून घ्यायचे आणि पुन्हा त्याच बुटात पाय कोंबायचा, एवढाच त्यावरचा इलाज. ही कटकट किरकोळ नाही, तिला कारण आहे आणि ते कारण बहुतेक वेळा बुटात सापडते, असे एका तरुण विक्रेत्याच्या मनाने घेतले. विल्यम मथायस शॉल हे त्याचे नाव. पुढे हे नाव जगभरच्या औषधांच्या आणि पादत्राणांच्या दुकानांत पोहोचले. भारतातील शहरी ग्राहकाच्या नजरेस ते पडले ते बहुधा बाटाच्या दुकानात. त्या नावामागे खरोखरच कोणी माणूस होता, याची कल्पना मात्र फार थोड्यांना असते.

विल्यमचा जन्म २२ जून १८८२ रोजी अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील ला पोर्ट गावाजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. तेरा भावंडांचे ते घर. आजोबा चर्मकाम जाणणारे. शेतावरच्या जनावरांचा साज शिवण्यापासून घरातल्यांचे बूट दुरुस्त करण्यापर्यंतची कामे हा मुलगा लहानपणीच करू लागला. मेण लावलेल्या दोऱ्याची त्याची शिवण पक्की असे, असे सांगतात. सोळाव्या वर्षी त्याला मिशिगन सिटीतल्या एका चर्मकाराकडे उमेदवारीस ठेवण्यात आले आणि वर्षभरातच, १८९९ मध्ये, तो शिकागोला आला. दिवसा बुटांच्या दुकानात दुरुस्ती आणि विक्री असे त्याचे काम होते.

दुकानात येणारे पाय पाहणे हेच शॉल यांचे पहिले शिक्षण म्हणावे लागेल. त्या काळी शहरी बुटांची टोके निमुळती असत. पायाला बोटांपाशी सर्वाधिक रुंदी लागते आणि बूट नेमका तेथेच अरुंद. गिऱ्हाईक, विशेषतः स्त्रिया, आपल्या मापापेक्षा लहान बूट मागत, कारण लहान पाय हे घरंदाजपणाचे लक्षण समजले जाई. (डाव्या आणि उजव्या पायासाठी वेगवेगळ्या आकाराचे बूट सर्रास मिळू लागले, त्यालाही तेव्हा जेमतेम पन्नास वर्षे झाली होती.) परिणाम समोर दिसत होते. अंगठा आतल्या बोटांकडे वळलेला, त्याच्या मुळाशी लाल गाठ, करंगळीवर कुरूप, टाचेत ठणका. विक्रेत्याला बूट विकायचा असतो. पाय पाहून अस्वस्थ होणे हा त्याच्या कामाचा भाग नसतो. शॉल अस्वस्थ झाले आणि त्यांनी रात्रीच्या वर्गांसाठी इलिनॉय मेडिकल कॉलेजात नाव घातले. १९०४ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते तेथून पदवी घेऊन बाहेर पडले.

शवविच्छेदनाच्या टेबलावर त्यांना जे पाऊल दिसले असेल ते कोणालाही थक्क करणारे आहे. एका पावलात २६ हाडे असतात. दोन्ही पावलांची मिळून ५२. प्रौढ माणसाच्या शरीरातील एकूण २०६ हाडांपैकी सुमारे चौथा भाग. त्यांना जोडणारे ३३ सांधे आणि शंभराहून अधिक स्नायू, स्नायुबंध व अस्थिबंध. या साऱ्यांची मिळून तळव्याखाली एक कमान बनते. ती दगडी पुलासारखी ताठ नसते. पाऊल टेकताना ती किंचित दबते व धक्का पोटात घेते. पाऊल उचलताना ताठ होऊन शरीराला पुढे ढकलते. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखालून एक जाड, चिवट पट्टा गेलेला असतो. धनुष्याला दोरी तसा कमानीला हा पट्टा. सकाळी उठून पहिले पाऊल टाकताच टाचेत सुई खुपसल्यासारखी जी कळ येते, ती बहुतेकदा या पट्ट्याच्या टाचेकडील टोकाची तक्रार असते. रात्रभर आखडून राहिलेला पट्टा एकदम ताणला जातो. चार पावले चालल्यावर कळ कमी होते आणि म्हणूनच माणूस ती महिनोन्महिने अंगावर काढतो.

पदवी मिळाली त्याच वर्षी शॉल यांनी कमानीला आधार देणारे आपले पहिले साधन तयार करून त्याचे पेटंट घेतले. ‘फूट-ईझर’ हे त्याचे नाव. चामड्यात बसवलेली धातूची पट्टी बुटात सरकवायची आणि कमानीला खालून उचलून धरायचे, अशी त्याची रचना होती. ते खपवण्याची त्यांची पद्धतही न्यारी होती. बुटांच्या दुकानात शिरून ते मालकापुढे मानवी पावलाचा सांगाडा काढून ठेवत आणि कोणते हाड कोठे दबते ते दाखवत. मालक आधी दचके, मग ऐके. थोड्याच वर्षांत शिकागोत त्यांचा कारखाना उभा राहिला आणि भाऊ फ्रँक यांनी इंग्लंडमध्ये धंद्याची बाजू सांभाळली.

शॉल यांच्या मोठेपणाबरोबरच त्यांच्याविषयीच्या शंकांनाही येथूनच सुरुवात होते. दुकानातील विक्रेत्यांनाच पायांचे शास्त्र शिकवले तर गिऱ्हाइकाला योग्य बूट आणि योग्य आधार मिळेल, या विचाराने त्यांनी टपालाने शिकण्याचा अभ्यासक्रम सुरू केला. हजारो विक्रेते त्यातून तयार झाले. यात लोकशिक्षण होते, हे खरे; पण काही पाठ वाचलेला विक्रेता गिऱ्हाइकाच्या लेखी पायांचा तज्ज्ञ ठरला आणि या तज्ज्ञाचे प्रत्येक निदान शॉल यांच्याच एखाद्या उत्पादनापाशी येऊन थांबे, हेही तितकेच खरे. अमेरिकेतील डॉक्टरांच्या संघटनेच्या आचारसंहितेत जाहिरातबाजी त्या काळी निषिद्ध होती. वैद्यकाची पदवी नावामागे लावून आधार आणि कुरुपाच्या पट्ट्या विकणारा हा गृहस्थ त्या चौकटीत बसणे शक्यच नव्हते.

१९१२ मध्ये त्यांनी शिकागोत पायांच्या उपचारांचे शिक्षण देणारे महाविद्यालय स्थापन केले. १९१५ मध्ये पावलाची रचना, विकृती आणि उपचार यांवर डॉक्टरांसाठी ग्रंथ लिहिला. आणि लगेच १९१६ मध्ये ‘सिंड्रेला’ पावलांची स्पर्धा भरवली! देशभरच्या स्त्रियांनी दुकानात जाऊन आपल्या पावलाचा ठसा द्यायचा आणि तज्ज्ञांच्या मंडळाने त्यातून सर्वांत निर्दोष पाऊल निवडायचे, अशी ती कल्पना. विजेता ठसा वर्तमानपत्रांत छापून आला. तो पाहून असंख्य वाचकांनी आपला ठसा त्याच्याशी ताडून पाहिला आणि आपल्या पायात खोट आहे अशी त्यांची खात्री पटली. आधारांचा खप अर्थातच वाढला. ग्रंथ आणि स्पर्धा या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने वर्षभराच्या अंतराने केल्या आणि दोन्हींत त्याला काही विसंगत वाटले नाही. त्याचा स्वभाव समजून घेण्यास एवढे पुरे आहे.

निर्दोष ठशाची ही कल्पना आज टिकत नाही. सपाट तळवा हे बहुतेक पायदुखीचे मूळ आहे, असे त्या पिढीने मानले. आता असे दिसते, की दुखत नसलेल्या सपाट पायाला उपचाराची गरज नसते. लहान मुलांचे तळवे तर सुरुवातीला सपाटच असतात. वाढत्या वयात कमान आपोआप आकार घेते. तरीही मुलाच्या ओल्या पावलाचा लादीवरचा ठसा पाहून धास्तावणारे पालक आजही अस्थिरोगतज्ज्ञांकडे जातातच. त्या धास्तीचा थोडा वारसा त्या काळच्या जाहिरातींकडे जातो, असे म्हणण्यास हरकत नाही.

कुरुपाच्या बाबतीत मात्र शॉल यांची नजर अचूक होती. कुरूप हा बाहेरून आलेला रोग नव्हे. एकाच जागी सतत दाब पडला की त्वचा स्वतःच्या बचावासाठी जाड होत जाते आणि तीच जाड त्वचा आतल्या मांसात रुतते. कुरूप कापले पण दाब तसाच राहिला, तर ते पुन्हा येणारच. शॉल यांनी मधोमध भोक असलेल्या चिकट गाद्या बाजारात आणल्या. दाब कुरुपावर न पडता भोवतीच्या निरोगी त्वचेवर वाटला जावा, एवढाच त्यांचा हेतू. साधा, स्वस्त आणि शास्त्राला धरून असलेला उपाय. त्याच्या जोडीला कुरूप मऊ करून काढणाऱ्या औषधी चकत्याही आल्या. या चकत्यांतील सॅलिसिलिक आम्लाला कुरूप आणि चांगली त्वचा यांतला भेद कळत नाही. धडधाकट माणसाला आग होते, तो चकती काढून टाकतो. ज्याच्या पायाची संवेदनाच गेली आहे, त्याला काहीच कळत नाही.

मधुमेहात हेच घडते. १९२२ मध्ये इन्शुलिनचा उपचार सुरू झाला आणि पूर्वी अल्पायुषी ठरणारे अनेक रुग्ण दीर्घकाळ जगू लागले. त्याबरोबर मज्जातंतू बधिर होणे, रक्तपुरवठा मंदावणे, जखमा न भरणे हे दूरगामी परिणामही पुढे आले. अशा पायावर घरच्या घरी ब्लेड चालवणे किंवा आम्लाची चकती चिकटवणे म्हणजे न दुखणाऱ्या जखमेला आमंत्रण, आणि अशी जखम चिघळून पाऊल गमावण्यापर्यंत पाळी येऊ शकते. मधुमेह असलेल्यांनी रोज रात्री तळवे व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात, नीट दिसत नसल्यास आरसा वापरावा किंवा घरच्यांना पाहण्यास सांगावे, बूट घालण्याआधी आत हात फिरवून खडा-टाचणी नाही ना हे तपासावे आणि घरातही अनवाणी फिरू नये, असा सल्ला डॉक्टर देतात. त्यातला शेवटचा भाग आपल्याकडे सर्वांत जड जातो. उंबऱ्याच्या आत चप्पल घालणे अजूनही कित्येक घरांत चालत नाही.

टाचेच्या दुखण्यावरील उपचारांतही शॉल यांच्या काळानंतर बरेच पाणी वाहून गेले आहे. पोटरीचे स्नायू आणि तळव्याचा पट्टा हळूहळू ताणण्याचे व्यायाम नियमाने करणे, वजन आटोक्यात ठेवणे, पातळ व सपाट तळाच्या चपला टाळणे, ठणका असताना थंड पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवणे यांवर आज भर असतो. बहुतेकांना शस्त्रक्रियेविना वर्षभरात आराम पडतो. मात्र धीर धरावा लागतो. क्ष-किरण चित्रात टाचेचे हाड वाढलेले दिसले म्हणून घाबरण्याचे कारण नाही, तशी वाढ कसलेही दुखणे नसलेल्या अनेकांच्या टाचेतही आढळते. बुटात घालायच्या मऊ आधाराने काहींना निश्चित फायदा होतो आणि त्यासाठी माप देऊन बनवलेला महागडा आधार तयार मिळणाऱ्या आधारापेक्षा फारसा सरस ठरत नाही, असे तुलनात्मक अभ्यासांत दिसून आले आहे. तयार आधार विकून मोठ्या झालेल्या शॉल यांना हे ऐकून समाधान वाटले असते. दुखणे रात्री विश्रांतीतही थांबत नसेल, पाय सुजला असेल, मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, तर मात्र घरगुती उपायांवर वेळ घालवू नये.

स्वतः शॉल यांचे उपदेश त्यांच्या उत्पादनांपेक्षा स्वस्त होते. रोज दोन मैल चालावे, चालताना मान वर आणि बोटे समोर असावीत, एकच जोड दिवसभर न वापरता बदलून घालावा म्हणजे घामाने ओलावलेला बूट वाळतो, असे ते सांगत. यातला एकही सल्ला आज चुकीचा ठरलेला नाही. बूट सायंकाळी, पाय किंचित फुगलेले असताना घ्यावा आणि सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवावी, हे त्यात आज जोडले जाते.

एवढा पैसा मिळवूनही त्यांनी घर असे केले नाही. ते अविवाहित राहिले आणि शिकागोतील इलिनॉय अ‍ॅथलेटिक क्लबच्या एका खोलीत कित्येक वर्षे राहत होते. धंदा हाच संसार. उतारवयात पुतण्याने लाकडी तळाची, बोटांनी पकडून चालायची सँडल बाजारात आणली. पायाला व्यायाम घडवणारी म्हणून तिची जाहिरात झाली. १९६०च्या दशकातील तरुणींनी ती फॅशन म्हणून उचलली. पाय झाकून, आवळून लहान दाखवण्याच्या हौसेपासून सुरू झालेल्या कारकिर्दीला उघड्या, मोकळ्या बोटांची सँडल पाहायला मिळाली.

२९ मार्च १९६८ रोजी कॅलिफोर्नियातील पाम स्प्रिंग्ज येथे शॉल यांचे निधन झाले. ते ८५ वर्षांचे होते. १९७९ मध्ये कुटुंबाने कंपनी शेरिंग-प्लाव या औषध कंपनीला विकली आणि त्यानंतर हे नाव अनेक मालकांच्या हातांतून गेले. त्यांनी काढलेले महाविद्यालय २००१ मध्ये शिकागोजवळच्या रोझलिंड फ्रँकलिन विद्यापीठात सामील झाले. ते शॉल यांच्याच नावाने चालते आणि तेथे पायांचे डॉक्टर रीतसर पदवी घेऊन तयार होतात. कुरुपाच्या औषधी चकत्याही अमेरिकेत अजून विकल्या जातात. मधुमेह असलेल्यांनी किंवा रक्ताभिसरण मंदावलेल्यांनी त्या वापरू नयेत, अशी सूचना त्यांच्या वेष्टनावर छापलेली असते.