इमाम गझाली (रह.) : जीभ थांबली तेव्हा

स्वभावाला औषध नाही, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. घरात कुणी तापट असला, कुणाला मोठेपणाची हौस असली की थोरली माणसं हा शेरा मारून मोकळी होतात. इमाम अबू हामिद गझाली (रह.) यांना हे मान्य नव्हतं. आपल्या ‘इह्या उलूमुद्दीन’ या किताबात त्यांनी या औषधावर मोठी चर्चा केली आहे. आणि ते औषध त्यांनी आधी स्वतः घेतलं होतं, म्हणून त्यांची हकीकत सांगावीशी वाटते.

इमामसाहेबांचा जन्म 450 हिजरीचा, म्हणजे इ.स. 1058 चा. गाव खुरासानातलं तूस, आजच्या इराणमधल्या मशहदजवळ. वडील लोकर कातून विकायचे, असं सांगतात. ते लवकर वारले. अबू हामिद आणि धाकटे अहमद या दोन्ही मुलांना त्यांनी एका सूफी मित्राच्या हवाली केलं होतं. जवळचे पैसे संपले तेव्हा मुलं मदरशात गेली, कारण तिथे शिक्षणाबरोबर दोन घासांचीही सोय होती. जुरजानहून शिकून परतताना वाटेत दरोडेखोरांनी लुटलं, त्यात त्यांच्या टिपणवह्याही गेल्या, हा किस्सा प्रसिद्धच आहे. वह्या गेल्यावर इल्म जात असेल तर तो कसला इल्म, अशी थट्टा दरोडेखोरांच्या म्होरक्याने केली आणि मग वह्या परत दिल्या. ते बोलणं तरुण गझालींना इतकं लागलं की पुढची तीन वर्षं त्यांनी सगळी टिपणं पाठ करण्यात घालवली.

पुढे निशापूरला इमामुल हरमैन जुवैनी यांच्यासारखे उस्ताद मिळाले. 1085 मध्ये उस्ताद वारले, तेव्हा शागिर्द सल्जूक वजीर निजामुल मुल्क यांच्या दरबारी गेला आणि वादविवादात भल्याभल्यांना गप्प करू लागला. 1091 मध्ये वजिरांनी त्यांना बगदादच्या निजामिया मदरशात मुख्य मुदर्रिस नेमलं. वय जेमतेम 33 आणि समोर तीनशे विद्यार्थी!

इथेच दुखणं होतं. त्यांना जवळून ओळखणारे अब्दुल गाफिर फारसी यांनी लिहून ठेवलंय की त्या काळात गझाली लोकांना तुच्छ लेखत, आपल्या बुद्धीचा आणि वाणीचा त्यांना फार ताठा होता. गझालींनी तरी काय वेगळं लिहिलं? ‘अल-मुनकिज’ या आत्मकथनात ते कबूल करतात की आपल्या शिकवण्यामागे अल्लाहची रजा नव्हती, नावलौकिक होता. एवढा मोठा आलिम असं कागदावर उतरवतो, याचं आम्हाला आजही नवल वाटतं.

488 हिजरीच्या रजबपासून, म्हणजे 1095 च्या जुलैपासून, जवळपास सहा महिने त्यांची ओढाताण चालली. सकाळी निघायचं ठरावं, संध्याकाळपर्यंत मन फिरावं. शेवटी एक दिवस जीभच चालेना. वर्ग भरलेला, शिकवायची इच्छा आहे, पण तोंडातून शब्द फुटेना. अन्न पचेना, पाण्याचा घोट उतरेना. हकिमांनी हात टेकले, दुखणं दिलाचं आहे म्हणाले.

मग त्यांनी बगदाद सोडलं. मक्केला जातो असं सांगितलं, मनात मात्र शाम होता. मालमत्ता वाटून टाकली, पण मुलाबाळांपुरतं मागे ठेवलं, आणि मदरशात भाऊ अहमद यांना आपल्या जागी बसवलं. फकिरीच्या नादात बायकामुलांना उघड्यावर टाकलं नाही, हे आमच्या लेखी फार महत्त्वाचं आहे.

दमिश्कच्या जामा मशिदीच्या मिनारात ते दार लावून तासन्‌तास बसत. तिथून बैतुल मुकद्दस, मग अल-खलीलला हजरत इब्राहीम (अलै.) यांच्या मजारवर तीन गोष्टींचा अहद : सुलतानाच्या दरबारी जाणार नाही, त्याचा पैसा घेणार नाही, वादविवादात उतरणार नाही. त्यानंतर हज. अखेर मुलांच्या ओढीने ते घरी परतले.

‘इह्या’ची सुरुवात याच वर्षांतली. त्यात नफ्सची जी चर्चा आहे ती आजच्या आईबापांनी जरूर वाचावी. खजुराची बी ही काही खजुराचं झाड नव्हे, पण निगा राखली तर होऊ शकते. सफरचंदाचं झाड मात्र ती कधीच होणार नाही. राग आणि वासना मुळासकट उपटायच्या नाहीत, शिकारी कुत्र्यासारख्या त्या शिकवून हाताखाली ठेवायच्या. राग अजिबात नसलेला माणूस अन्यायाविरुद्ध तरी कसा उभा राहणार? आपले ऐब कळण्याचे चार मार्गही ते देतात : जाणता उस्ताद, खरं बोलणारा मित्र, दुश्मनाची जीभ आणि चारचौघांतली ऊठबस. यातला तिसरा आम्हाला सगळ्यात पटतो. दुश्मन शोधावा लागत नाही!

पण दुखणं पुरतं गेलं का? 1106 मध्ये निजामुल मुल्क यांचे पुत्र, वजीर फखरुल मुल्क यांच्या आग्रहाने ते निशापूरच्या निजामियात पुन्हा शिकवायला बसले. अहद मोडला, असं म्हणणारे तेव्हाही निघाले. गझालींचं उत्तर असं की आधी ते मान मिळवून देणारा इल्म शिकवत होते, आता मान सोडायला लावणारा शिकवतात. अब्दुल गाफिर यांनाही आधी ही नम्रता म्हणजे सोंगच वाटलं होतं. वारंवार जाऊन पारखल्यावर माणूस खरंच बदलल्याची त्यांची खात्री पटली.

त्यांच्या अरबीत व्याकरणाच्या चुका निघत. कुणी दाखवल्या तर ते वाद घालत नसत. या विद्येत आपण कच्चे आहोत हे मान्य करून, चूक दिसेल तिथे दुरुस्त करा, असं वाचणाऱ्यांनाच सांगत. ही उणीव त्यांनी तशीच राहू दिली. हदीसचं मात्र तसं केलं नाही. त्यातली आपली पुंजी तोकडी आहे हेही त्यांनी मान्य केलं होतं. पण अखेरच्या दिवसांत, तूसला घराशेजारी स्वतःचा मदरसा आणि सूफींसाठी खानकाह चालवत असताना, हा हुज्जतुल इस्लाम म्हणवला जाणारा माणूस सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिमचा अभ्यास करायला बसला. आणखी आयुष्य मिळतं तर थोड्याच दिवसांत त्यांनी या इल्मातही सगळ्यांना मागे टाकलं असतं, असं अब्दुल गाफिर लिहितात. 505 हिजरीच्या जमादिउस्सानीत, डिसेंबर 1111 मध्ये, तूसलाच त्यांचा इंतकाल झाला. मागे फक्त मुली होत्या.