आचार्य धर्मानंद कोसंबी : विद्या घरी आणणारा प्रवासी

सायंवंदनेच्या वेळी आपल्या शाळेतील मुले त्रिशरण-पंचशील म्हणतात, तेव्हा त्यांच्या हाती देवनागरीत छापलेली पाली गाथा असते. आज आपल्याला त्यात नवल वाटत नाही. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी ज्या मराठी माणसाला बुद्धवचन मुळातून वाचावयाचे असे, त्याला समुद्र ओलांडून सिंहलद्वीपास जावे लागे आणि परकी लिपी शिकावी लागे. हे अंतर ज्यांनी आपल्या पायांनी तोडले आणि आपल्यासाठी कमी केले, त्या आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे स्मरण या अंकात करणे आम्ही कर्तव्य समजतो.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांकवाळ या गावी झाला. शालेय शिक्षण अगदी बेताचे झाले. नारळाच्या बागेची देखभाल हाच त्यांचा व्यवसाय होता. 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाचे चरित्र वाचले आणि त्या लहानशा लेखाने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. १८९९ च्या अखेरीस ते घर सोडून निघाले. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी होती. या प्रवासाची किंमत त्या माउलीनेही मोजली, हे आपण विसरता कामा नये.

पुणे, ग्वाल्हेर, काशी असा प्रवास सुरू झाला. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. बुद्धाच्या शोधात ते नेपाळला गेले, पण तेथील धर्माची अवस्था पाहून निराश झाले. बोधगयेत त्यांना सिंहलद्वीपाची वाट कळली. १९०२ मध्ये कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली ते श्रामणेर झाले आणि पाली शिकले. पुढे ब्रह्मदेशात राहून त्यांनी ध्यानाचा अभ्यास केला. ग्रंथात जे वाचले ते स्वतःच्या चित्तावर पारखून पाहावे, ही त्यांची रीत येथूनच दिसते.

भारतात परतल्यावर १९०६ च्या सुमारास त्यांना कलकत्त्यास पाली शिकविण्याचे काम मिळाले. कोणतीही पदवी नसलेला हा मनुष्य विश्वविद्यालयात अध्यापक झाला. तेथे त्यांच्यापुढे दरमहा २५० रुपयांची जागा होती. त्याच सुमारास बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा ५० रुपये देऊ केले. अट एवढीच की, महाराष्ट्रात कोठेही राहावे आणि बडोदे संस्थानासाठी ग्रंथ लिहावेत. धर्मानंदांनी ५० रुपये पत्करले. आपल्या लोकांना ही विद्या त्यांच्याच भाषेत मिळावी, या हेतूपुढे त्यांना वेतनाचा आकडा मोठा वाटला नाही. 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे पुस्तक याच काळातले.

तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जेम्स वूड्स यांच्यामुळे १९१० मध्ये ते अमेरिकेतील हार्वर्ड विश्वविद्यालयात गेले. बुद्धघोषांचा 'विसुद्धिमग्ग' म्हणजे शील, समाधी आणि प्रज्ञा यांची क्रमवार मांडणी करणारा थेरवादाचा महाग्रंथ. त्याचे संपादन हेन्री वॉरन यांनी हाती घेतले होते, पण १८९९ मध्ये त्यांच्या निधनामुळे ते अपुरे राहिले. ते पुरे करण्याचे काम धर्मानंदांकडे आले. संपादनाच्या श्रेयावरून मतभेद झाले, तेव्हा १९१२ मध्ये ते परतले. मात्र काम त्यांनी टाकले नाही. त्यासाठी ते पुन्हा पुन्हा अमेरिकेस गेले. हार्वर्डची आवृत्ती अखेर १९५० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाली. तत्पूर्वीच १९४० मध्ये त्यांनी हा ग्रंथ देवनागरीत छापून आपल्या देशाच्या हाती ठेवला होता.

१९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली. पु. वि. बापट, चिं. वि. राजवाडे, ना. के. भागवत हे पालीचे नामवंत पंडित त्यांचेच विद्यार्थी. पुढे अहमदाबादचे गुजरात विद्यापीठ आणि रशियातील लेनिनग्राड येथेही त्यांनी कार्य केले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवास सोसला. १९३७ मध्ये मुंबईच्या परळ भागात श्रमिक व दलित बांधवांसाठी त्यांनी बहुजन विहार उभारला. हार्वर्डमध्ये मान मिळविलेला हा पंडित गिरण्यांच्या भोंग्यांच्या परिसरात धर्म सांगत बसला, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या सर्व पदांहून मोठी वाटते.

त्यांच्या चिंतनाचे सार 'भगवान बुद्ध' या ग्रंथात आहे. वृद्ध, रोगी, मृत आणि संन्यासी पाहून राजपुत्राने घर सोडले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. धर्मानंदांनी ती त्रिपिटकाच्या कसोटीला लावली. ही कथा मूळ सुत्तात विपस्सी या पूर्वबुद्धाची आहे, असे त्यांनी दाखवून दिले. सुत्तनिपातातील अत्तदंडसुत्ताचा आधार घेऊन, आपसांत झगडणाऱ्या शस्त्रधारी समाजाचे भय हे गृहत्यागाचे कारण होते, असे त्यांनी मांडले. श्रद्धेच्या विषयाची अशी चिकित्सा करण्यास धैर्य लागते. त्यांची बुद्धावरील श्रद्धा या चिकित्सेने ढळली नाही, उलट तिला भक्कम पाया मिळाला. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही चार दृश्यांची कथा नाकारली असून रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात उद्भवलेला संघर्ष हेच गृहत्यागाचे कारण सांगितले आहे, हे आपणा सर्वांस ज्ञात आहे.

जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे अन्नत्याग करून, शांत चित्ताने त्यांनी देह ठेवला. त्यानंतर अवघ्या नऊ वर्षांनी नागपूरला धम्मचक्र पुन्हा फिरले. तो दिवस त्यांना पाहता आला नाही. पण त्या दिवसानंतर लाखो घरांत ज्या मराठी पुस्तकांची गरज भासली, त्यांतील कित्येक त्यांनी आधीच लिहून ठेवली होती.

आपल्या वसतिगृहात येणारे मूल बहुधा घरातील पहिलेच शिकणारे असते. त्याला आपण सांगू या की, एका लहान मासिकातील एक लेख मन लावून वाचल्याने काय घडू शकते. माजी विद्यार्थ्यांना आमची एवढीच विनंती आहे : शाळेच्या ग्रंथालयात धर्मानंदांचे 'निवेदन' हे आत्मचरित्र आणि 'भगवान बुद्ध' यांच्या प्रती पुरेशा असाव्यात आणि त्या कपाटात बंद न राहता मुलांच्या हाती फिराव्यात, याची काळजी आपण घ्यावी.